सोळाव्या सोमवारचं पाणी

देवावर रागावलेल्या बाईनं देवाचा अनुभव लिहू नये, असं आमच्या घरी यजमान म्हणतात. मी म्हणते, काहून नाही लिहायचा? ज्यांचं त्याच्याशी कधी भांडण झालं नाही, त्यांनीच तेवढं लिहायचं की काय? माझा राग खरा होता आणि जे घडलं तेही खरं आहे. दोन्ही जसं होतं तसं सांगते. तो चमत्कार होता की नव्हता, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं. मी कोणाची वकिली करायला बसलेली नाही.

माझ्या डाव्या मूत्रपिंडात खडा निघाला तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. छत्तीसगड राज्य नवंनवं झालेलं, रायपूर राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झालेली, आणि मी एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक. कंबरेच्या डाव्या बाजूला बारीक ठणका असायचा. लघवीला जळजळ व्हायची, कधी ताप यायचा. मी मेडिकलमधून गोळ्या आणायची, दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकून द्यायची. असं किती वेळा केलं, सांगायलाही लाज वाटते. शेवटी पौषात एकदा लघवीतून रक्त गेलं, तेव्हा यजमानांनी समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरकडे जवळजवळ ओढतच नेलं.

डॉक्टर तरुण होते, हिंदी बोलणारे, जरा फटकळच. त्यांनी फोटो उजेडावर धरला. मला वाटलं होतं खडा म्हणजे बोराएवढा, फार तर सुपारीएवढा असेल. फोटोत दिसलं ते आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी होतं, मधे जाड आणि चहूकडे बोटं फुटलेली. ते म्हणाले, "मैडम, यह छोटी-मोटी पथरी नहीं है. इसने पूरी किडनी के अंदर पैर फैला लिए हैं." मी विचारलं, एवढा मोठा आहे तर मला जमिनीवर लोळण्याइतकं दुखलं काहून नाही? तेव्हा त्यांनी समजावलं. लहान खडा जागेवरून सुटतो, नळीत अडकतो, म्हणून माणूस गडाबडा लोळतो. मोठा मात्र हलतच नाही. तो गुपचूप बसतो, त्याच्या आडोशाला जंतू राहतात, ते लघवी खराब करतात, खराब लघवीनं खडा आणखी वाढतो, आणि मूत्रपिंड हळूहळू कामातून जातं. कुळथाच्या कढणानं, पत्थरचट्ट्याच्या पानांनी हा जाणार नाही. पाठीतून छोटं भोक पाडून दुर्बीण घालायची आणि फोडून काढायचा, हा एकच उपाय. "आज किडनी चल रही है. महीने भर में करवा लीजिए, आगे की गारंटी मैं नहीं देता."

मग त्यांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? यजमान म्हणाले, "इचं पाणी म्हणजे सकायचा चहा."

ते खरंच होतं, पण ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही शौक म्हणून तहानलेली राहत नव्हते. राज्य नवं झालं तेव्हा आमच्या खात्याला एक जुनी इमारत मिळाली. दारावर नवा बोर्ड लागला, साहेबांच्या खोलीत नवा सोफा आला, पडदे आले. बायकांसाठी एकच संडास होता, तो जिन्याखाली. भोपाळहून फायलींच्या पेट्या आल्या, त्या ठेवायला जागा नव्हती म्हणून त्या तिथं रचल्या. वर कुलूप. आम्ही सात बायका. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "टेम्पररी है, दीदी." ते टेम्पररी तीन वर्षं चाललं. पुरुषांच्या संडासात जायचं म्हणजे बाहेर एकीला राखण ठेवायची, आणि आतून कोण निघेल याचा नेम नाही. मग आम्ही सातही जणींनी आपसात काही न बोलता तोडगा काढला, पाणीच प्यायचं नाही. सकाळी दहाला जायचं, सहाला घरी येऊन पहिलं बाथरूम गाठायचं. रायपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला असायचा, चार वाजता त्यात माशी पडलेली असायची, पण तो माझ्या तोंडाला लागायचा नाही.

तर मी रागावले, आणि सगळ्यात जास्त महादेवावर रागावले. माझं माहेर रायपुरातल्याच पुरानी बस्तीतलं. लहानपणापासून तिथल्या जुन्या शिवमंदिरात जाते. लग्नाआधीपासून सोमवार धरते. कोणाचं वाईट चिंतलं नाही, कोणाची फाईल अडवून ठेवली नाही. ज्यांनी ठेवल्या ते टुणटुणीत फिरत होते आणि गड्डा माझ्या पोटात. घरी आल्यावर देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी त्याला साफ सांगितलं, हे बरोबर नाही. मला भोक पाडून घ्यायचं नाही. मी तुझे सोळा सोमवार करते, तेही निर्जळी, आणि तू हा खडा विरघळव.

सोळा सोमवारात संध्याकाळच्या पूजेपर्यंत उपास करतात, पण पाणी चालतं. निर्जळीचं खूळ माझं. इकडच्या छत्तीसगडी शेजारणी तीजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेच्याच दिवशी, चोवीस तास थेंब न घेता राहतात, त्यांचं बघून आमच्यातल्या मराठी बायकांनाही चेव येतो. त्या पाणी पीत नाहीत अन् आपण हरतालिकेला केळी खायची, म्हणजे आपली भक्ती पातळ. ही माझी समज होती. आणि खरं सांगू का, आठ तास पाणी न पिता राहायची सवय कचेरीनं लावलीच होती, मला त्यात कष्टही नव्हते. ज्या गोष्टीनं मी आजारी पडले तीच मी देवाला नैवेद्य म्हणून दाखवत होते. हे तेव्हा कुठं कळायला.

यजमान रेल्वेत आहेत, बोलणं कमी, पण त्या दिवशी बोलले. "अवं, डॉक्टरनं तीन लिटर सांगतलं अन् तू सोमवारी थेंब घेत नाहीस? डोस्कं ठिकाणावर आहे का तुह्यं?"

"तुम्ही मंधात पडू नका," मी म्हटलं. "माह्यं अन् महादेवाचं चालू आहे."

पोरगी कॉलेजात होती. आमची पोट्टी मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. तिनं डोळे मोठे करून म्हटलं, "मम्मी, भगवान को अल्टीमेटम दे रही हो?" मी तिलाही गप्प केलं.

सातव्या सोमवारी ठणका थांबला. चक्क थांबला. मी घरभर सांगत सुटले. शेजारी पेढे वाटले, नणंदेला अमरावतीला फोन केला. डॉक्टरांकडे जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता दुखत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, दुखत नाही याचा अर्थ खडा गेला असा नाही, एकदा फोटो काढा. मी नाही काढला. देवाची परीक्षा घ्यायची नसते म्हणे. मूत्रपिंड थकलं की कुरकुरणंही सोडतं, हे मला पुढं समजलं. ज्याला मी कौल समजून पेढे वाटले, ते आजाराचं पुढचं पाऊल होतं.

सोळावा सोमवार मे महिन्यात आला. त्या दिवशी ऊन असं होतं की कचेरीतले पंखे गरम हवा फेकत होते. दुपारी तीनला मला थंडी वाजून आली. दात वाजायला लागले. मी पदर लपेटून फायलीत डोकं खुपसून बसले. शेवटचा सोमवार, आज माघार नाही. सहाला पोरगी स्कूटीवर घ्यायला आली, तिनं हात लावला आणि म्हणाली, "आप तो तप रही हो, घर चलो." मी म्हटलं, आधी देऊळ. वाटेत तिच्या पाठीवर डोकं टेकून बसले होते. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावली, तिथून पायी जायचं होतं. हातात सकाळीच पिशवीत घालून नेलेला तांब्या, पिंडीवर घालायला गल्लीतल्या नळावर भरून घेतलेला. तोंडात जीभ टाळूला चिकटलेली. पाणी धरून चालत होते आणि पाण्यासाठी जीव जात होता.

देवळाच्या पायरीशी पोचले आणि खालीच बसले. पायरीच्या बाजूला एक म्हातारी बेलपत्रं विकते. वर्षानुवर्षं तिच्याकडून बेल घेत आलेली, पण चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. तिनं माझं मनगट धरलं. "ए नोनी, का होगे तोला? देह तो आगी हे." नोनी म्हणजे पोरी. बेचाळीस वर्षांच्या बाईला ती पोरी म्हणाली. मी कसंबसं सांगितलं की उपास आहे, निर्जळी आहे, सोडा मला, आत जायचंय. तिनं माझ्या हातातला तांब्याच काढून घेतला. "महादेव बिहनिया ले पियत हे. ओला पियास नइ लगे हे. तैं पी." सकाळपासून सगळे त्यालाच पाजतायत, त्याला तहान नाही लागलेली, तू पी.

मी तिचा हात झटकला. सोळावा सोमवार होता हो. पंधरा पार पडलेले. तिनं लहान पोराला औषध पाजतात तशी माझी हनुवटी धरली आणि तांब्या ओठांना लावला. तीन-चार घोट पोटात गेले, बाकीचं पदरावर सांडलं. मी रडायला लागले, भक्तीनं नव्हे, निव्वळ संतापानं. माझं व्रत बुडवलं मेलीनं. मराठीत जे तोंडाला येईल ते बोलले, वाटलं तिला काय कळतंय. तिला सगळं कळलं असणार, शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. ती रागावली नाही. पोरीकडे वळून म्हणाली, "डाक्टर करा ले जा. महादेव कहूँ नइ जावय." डॉक्टरकडे ने, महादेव कुठं पळून जात नाही.

आता जे सांगते ते मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही. त्या तीन घोटांनी काही माझा ताप उतरला नाही. पण व्रतच मोडलं म्हटल्यावर त्या पायरीवर बसून राहायचं कारण उरलं नाही. नाहीतर मी आत गेले असते, रांगेत उभी राहिले असते, अभिषेक, कथा, आरती, चुरम्याचा प्रसाद, सगळं करून घरी जाऊन पडले असते आणि ताप कोणाला सांगितला नसता. मी स्वतःला ओळखते. त्या रागाच्या भरात मी पोरीला म्हटलं, "ने आता कुठं न्यायचं ते. संपलं सगळं."

तिथून सरळ समता कॉलोनी. डॉक्टरांनी पाहिलं, रागावायलाही थांबले नाहीत. खड्यामागं लघवी अडकून तिच्यात पू झाला होता आणि विष रक्तात उतरायला लागलं होतं. म्हणाले, आत्ता खड्याला हात लावता येत नाही, आधी पाठीतून नळी घालून घाण बाहेर काढावी लागेल. आत किडनी कितपत शिल्लक आहे ते त्यानंतर कळेल. काही उरलं नसेल तर काढून टाकावी लागेल. यजमान ड्युटीवरून धावत आले, त्यांनी सही केली. नळी घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभे राहून एवढंच म्हणाले, "एक रात और निकालतीं तो किडनी क्या, आप भी नहीं बचतीं."

दोन आठवडे पाठीला पिशवी लटकवून पडले होते. सुया, सलाईन, आणि रोज एकच प्रश्न, मूत्रपिंड राहणार की जाणार. पडल्या पडल्या मी सगळ्यांवर रागावून पाहिलं. साहेबांवर, तो तर हक्काचा राग होता आणि अजून आहे. बेलवालीवर. यजमानांवर, जोरानं अडवलं नाही म्हणून. महादेवावर तर होताच. एकेक राग उलटून पालटून पाहताना हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. मी त्याला शरण कधी गेलेच नव्हते. कचेरीत खालच्या टेबलाला पत्र धाडतात तसं मी त्याला पत्र धाडलं होतं, अमुक मुदतीत अमुक काम करून कळवावे. कसं करायचं तेही मीच ठरवलेलं. विरघळवायचा, फोडायचा नाही. आणि त्यानं एक डॉक्टर पाठवला होता, एक नवरा दिला होता, एक तोंडाळ पोरगी दिली होती. तिघंही ओरडून सांगत होते, पाणी पी. ते मला त्याचं बोलणं वाटलंच नाही. मला आकाशातून आवाज हवा होता.

तपासणीत मूत्रपिंड चालू निघालं. पहिल्याइतकं नाही, पण चालू. खडा काढायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी डॉक्टर समजावत होते की बेशुद्ध केल्यावर पेशंटला पालथं झोपवतात, छाती-पोट टेबलाला, हात पुढं, कारण काम पाठीतून करायचं असतं. मला एकदम हसू आलं. बायकांनी साष्टांग दंडवत घालू नये, असं आमच्याकडे सांगतात, छाती भुईला लागू नये म्हणून. त्यामुळं मी जन्मात कधी घातला नव्हता, गुडघे टेकून कपाळ लावायचं, झालं. आणि आता चार अनोळखी माणसं मला उचलून दंडवत घालायला लावणार होती, तेही मला शुद्ध नसताना. मी म्हटलं, ठीक आहे बाबा. अटी नाहीत, मुदत नाही. राहू दे नाहीतर ने. नाकावर मास्क आला तेव्हा ओठावर त्याचं नाव होतं की नव्हतं, आठवत नाही. भीती नव्हती, हे आठवतं.

खडा निघाला. दोनदा आत जावं लागलं, पण सगळा निघाला. बाटलीतले तुकडे पाहून यजमान म्हणाले, "एवढं घेऊन तू रोज भाकरी थापत होतीस?" मूत्रपिंड माझ्याजवळ राहिलं. लघवी वरचेवर तपासायची, औषध अर्धवट सोडायचं नाही, आणि पाणी, पाणी, पाणी.

कचेरीत परत गेले त्या दिवशी जिन्याखालच्या कुलपाची किल्ली मागितली. शिपाई म्हणाला, साहेबांना विचारतो. मी साहेबांच्या खोलीत जाऊन दवाखान्याचे सगळे कागद त्यांच्या टेबलावर पसरले, फोटोसकट, आणि म्हटलं, आमच्यातली दुसरी कोणी आजारी पडायची वाट बघायची आहे का. माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला म्हणतात. गेला असेल. तीन दिवसांत पेट्या निघाल्या. शरण जाणं म्हणजे अन्याय मुकाट गिळणं नव्हे, एवढं मला त्या आजारानं शिकवलं. ज्याचं त्याला सांगायचं आणि देवाचं देवावर सोडायचं. मी उलटं करत होते. साहेबांपुढे हात जोडत होते आणि महादेवाला हुकूम सोडत होते.

अमरावतीहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, सोळावा मोडला. आता पहिल्यापासून धरा." तिचं चुकलं नाही, शास्त्र तसंच सांगत असेल. मी म्हटलं, "ताई, मोडला नाही. त्यानंच पुरा करून घेतला." तिला ते पटलं नाही, मीही वाद घातला नाही.

अंगात ताकद आल्यावर एका सोमवारी चुरमा करून देवळात गेले. सोळा सोमवारच्या चुरम्याचे तीन वाटे करतात. एक देवाला, एक लोकांना, एक आपल्याला. लोकांचा वाटा मी देवळात शिरायच्या आधीच बेलवालीसमोर धरला. खरं तर पाय धरायचे होते. किती दिवस मनात वाक्यं जुळवली होती, तिला दिलेल्या शिव्यांची माफी मागायची होती. तिनं चुरमा घेतला, तोंडात टाकला, गिऱ्हाइकाला बेल मोजून दिला. मी तिला दाई म्हटलं, इकडं आईला दाई म्हणतात, आणि विचारलं, मला ओळखलंत का, त्या दिवशी तुम्ही मला पाणी पाजलं. ती म्हणाली, उन्हाळ्यात या पायरीवर रोज कोणी ना कोणी पडतं, किती चेहरे लक्षात ठेवू. माझे डोळे भरून आले. जिनं माझा जीव वाचवला तिच्या लेखी ते रोजचंच काम होतं, माझ्यासाठी वेगळं काहीच केलेलं नव्हतं. मी वाकून तिच्या पायांना हात लावला, तिनं पाय ओढून घेतले. मग मान तिरकी करून तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"पानी पियत हस न, नोनी?"

"हव," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला दटावून विचारलं आणि मला राग आला नाही.